थोडी जान टाकतो

फोटो काढणारा माणूस निराळा आणि काढून झालेल्या फोटोला धरून बसणारा निराळा. पहिल्या जातीत आता सगळेच आले. दुसरा मात्र घराण्यात एखादाच निघतो. त्याला कॅमेरा दिला तर तो तुमचं कपाळ कापेल, स्वतःचा अंगठा आणील, मागचा विजेचा खांब बरोबर तुमच्या डोक्यातून उगवेल. पण दुसऱ्याने काढलेला फोटो त्याच्या हाती लागला की चष्मा नाकावर खाली सरकतो, मोबाइल हातभर लांब जातो आणि निदान होतं, "यात जान नाही ना."

आमच्या कोहक्याच्या काकाजींचं निदान आजवर बदललेलं नाही. लग्नाचा फोटो असो, बारशाचा असो की मोरीत फुटलेल्या नळाचा, जान नसते. मग ठरलेलं पुढचं वाक्य येतं, "थांब, जरासा हात फिरवतो." नळाचा फोटो प्लंबरला पाठवायचा असतो आणि प्लंबर वाट पाहून राहिलेला असतो, याचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. एकदा तो प्लंबर घरी येऊन पाहतो तर फोटोतला पितळी नळ प्रत्यक्षात गंजका लोखंडी निघाला. वॉशर त्याने दुसराच आणला होता.

भिलाई-दुर्गकडची मराठी माणसं ढोबळमानाने दोन खेपांत आली. पहिली नागपूरकर भोसल्यांच्या मागे. 1741 मध्ये त्यांच्या फौजा छत्तीसगडात उतरल्या, पुढे बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहू लागले आणि कारकून, भिक्षुक, शिलेदार अशी घराणी इकडेच रुजली. दुसरी खेप पोलादाची. 1955 मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत रशियाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि नागपूर-भंडारा-गोंदियाकडची पोरं आयटीआयची सर्टिफिकेटं घेऊन गाडीत बसली. काकाजी या दुसऱ्या खेपेच्या शेपटाचे. नोकरीभर रुळांच्या पलीकडे सेक्टरच्या क्वार्टरात राहिले, निवृत्तीला क्वार्टर सोडलं आणि रुळांच्या अलीकडे, सुपेल्याच्या मागे कोहक्यात प्लॉटवर घर बांधलं. दोन खोल्या खाली, एक वर. वरची खोली 'कंप्युटरची'. काकू तिला भट्टी म्हणतात.

म्हणायला कारण आहे. काकाजींची उभी हयात वितळत्या पोलादासमोर गेली. पायरोमीटर वगैरे होतेच, पण जुन्या माणसांचा भरवसा डोळ्यावर. कोबाल्टची निळी काच डोळ्यांपुढे धरून भट्टीत डोकवायचं आणि रंगावरून ओळखायचं. लोखंड लाल दिसलं तर सातशे-आठशे अंश, नारिंगी म्हणजे हजाराच्या आसपास, पिवळं त्याच्या वर आणि पांढरं व्हायला लागलं की मागे सरकायचं. ज्या माणसाने सोळाशे अंशांचं पोलाद रोज ओतताना पाहिलं, त्याला संध्याकाळी पाचला सुपेला मार्केटमध्ये काढलेला फोटो थंडच वाटणार. आपण दाखवतो तो साडीचा रंग, ते पाहतात हीट बरोबर लागली की नाही.

यामुळेच त्यांचं आणि मोबाइलवरच्या 'वॉर्म' लिहिलेल्या पट्टीचं कायमचं भांडण आहे. ती पट्टी उजवीकडे सरकवली की फोटो पिवळा-तांबडा होतो. काकाजी म्हणतात, हे साफ उलटं आहे. वस्तू जितकी तापेल तितकी ती लालाकडून पांढऱ्याकडे आणि पांढऱ्याकडून निळ्याकडे जाते. मेणबत्तीचा पिवळा उजेड दोन हजार केल्विनच्याही खालचा आणि दुपारचा उजेड साडेपाच हजारांचा. मग पिवळ्याला गरम आणि निळ्याला थंड कोण म्हणालं? मी सांगून पाहिलं की लोकांना शेकोटी पिवळी दिसते आणि बर्फ निळसर, म्हणून तसं म्हणतात. त्यावर ते म्हणाले, "लोकांनी भट्टी कुठं पाहिली आहे, बाबू." पुढे बोलायला जागाच उरली नाही. गंमत म्हणजे भौतिकशास्त्र त्यांच्या बाजूचं. पण पट्टी मात्र ते उजवीकडेच सरकवतात.

या पट्टीचा पहिला बळी मैत्री बागेतला वाघ. भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून उभारलेल्या या बागेचं वैभव म्हणजे पांढरे वाघ. भिलाईला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तिथे नेलंच जातं. नागपूरहून मुलगी आणि नातू आले, वाघ पाहून झाला, मुलीने सावलीत बसलेल्या वाघाचा सुरेख फोटो काढला. सावलीतला उजेड निळसर असतो, त्यामुळे वाघही थोडा निळसर आला होता. दोन रेघा सरकवल्या असत्या तर झाला असता पांढरा. पण काकाजींचा हात दोन रेघांवर थांबतो कुठला? वाघ आधी सायीचा झाला, मग बासुंदीचा, मग त्याचे पट्टे तपकिरी झाले आणि रात्री दहाला परिवाराच्या ग्रुपवर जो आला तो चंद्रपूरकडचा, ताडोबातला चारचौघांसारखा पट्टेदार वाघ. नातवाने विचारलं, "आजोबा, पांढरा झोपला होता का?" काकाजी म्हणाले, "तोच आहे तो. संध्याकाळच्या उन्हात आहे." आम्ही मैत्री बागेत दुपारी बाराला होतो.

तशी त्यांची या विषयातली तालीम जुनी. लग्नानंतर घेतलेला आग्फा क्लिक थ्री अजून कपाटात आहे. एका रोलवर बाराच फोटो, म्हणून श्वास रोखून काढायचे, आणि मग स्टुडिओवाल्यापुढे बसून 'टचिंग' करून घ्यायचं. निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने देवीचे व्रण बुजवायचे, काळ्यापांढऱ्या प्रिंटवर पाण्यातले रंग घेऊन गालावर गुलाबी, साडीवर हिरवा, दागिन्यावर पिवळा. स्टुडिओतल्या स्टुलावर बसून काकाजींनी हे तासन् तास पाहिलं. रंगाची ही हौस आपल्याकडे फोनच्या किती तरी आधीची. शांतारामबापूंनी 1933 मध्ये 'सैरंध्री' रंगीत करायचं मनावर घेतलं, प्रती काढायला जर्मनी गाठली आणि मनाजोगता रंग काही उतरला नाही. हा किस्सा सांगताना काकाजींचा आवाज असा हळवा होतो की वाटावं, बापूंनी त्यांनाच बरोबर न्यायला हवं होतं.

पुढे पोराने कंप्युटर आणून दिला, त्यात पिकासा होतं. त्यातलं 'आय ॲम फीलिंग लकी' नावाचं बटण दाबलं की फोटो आपोआप उजळायचा. काकाजी पहिल्यांदा ते दाबून दचकले होते म्हणतात. 2016 मध्ये गूगलने पिकासा बंद केलं तेव्हा त्यांनी दोन दिवस वरची खोली उघडली नाही, असं काकूंचं म्हणणं. मग नातवाने मोबाइलवर स्नॅपसीड घालून दिलं आणि आमच्या सगळ्यांच्या आयुष्याचा रंग बदलला. शब्दशः.

त्यांचं काम बघत बसण्यासारखं असतं. आधी मोबाइलची काच बनियनच्या टोकाने पुसतात. मग फोटो दोन बोटांनी मोठा करून चारही कोपरे तपासतात, जसं दळण आणल्यावर पिठात बोट घालून पाहावं तसं. मग 'डोंगर' उघडतात. डोंगर म्हणजे हिस्टोग्राम. त्यांनी मला एकदाच शिकवलं आणि ते कुठल्याही पुस्तकापेक्षा चांगलं शिकवलं. डावीकडे शून्य म्हणजे ठार काळं, उजवीकडे 255 म्हणजे शुभ्र पांढरं. फोटोतला प्रत्येक ठिपका यांच्यामध्ये कुठे तरी उभा असतो, जिथे गर्दी तिथे डोंगर उंच. डोंगर डावीकडे कोसळला तर फोटो अंधारात आहे, तरी आशा असते. सावल्यांची पट्टी वर घेतली की आतली माणसं हळूहळू बाहेर येतात. पण उजव्या भिंतीला जाऊन टेकला, की मग ब्रह्मदेव आला तरी इलाज नाही. तिथे पांढऱ्याखेरीज काही नोंदलेलंच नाही. "काळ्यातून काढता येते, पांढऱ्यातून नाही," हे त्यांचं ब्रीद.

आणि तरी माणूस पांढऱ्यातून काढायला जातो. नवतपा चालू होता. रोहिणीतले ते नऊ दिवस भिलाईत काय असतात ते ज्याने सोसलं त्यालाच माहीत; आभाळ निळं नसतंच, भाजलेल्या चुन्यासारखं पांढरंफटक असतं. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरड्यांचा फोटो होता. मागचं आभाळ डोंगरासकट उजव्या भिंतीला टेकलेलं. काकाजींनी हार मानली नाही. ढग बसवणारं आणखी एक ॲप शोधलं आणि कुरड्यांवर श्रावणातले भरगच्च सावळे ढग आणून ठेवले. फोटो सुरेख झाला यात शंका नाही. पंधरा मिनिटांत भंडाऱ्याहून थोरल्या भावाचा फोन आला, "तिकडं लागला का बे पाऊस?" धानाच्या नर्सरीचा विचार करून राहिलेला तो माणूस. काकाजींनी खरं सांगितलं. भाऊ क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "मग कुरड्या कशा काय वाळत घातल्या, मी तेच म्हणून राहिलो."

घरात त्यांच्या कलेला पहिला विरोध स्वयंपाकघरातून झाला. काकूंच्या हातची सांबारवडी अख्ख्या गल्लीत प्रसिद्ध. छत्तीसगडी शेजारीणसुद्धा ठेठरी-खुरमीचा डबा घेऊन येते ती बदल्यात सांबारवडी मागायला. त्या वडीचा फोटो काकाजींनी असा हिरवा केला की मुलीने फोनवर विचारलं, आई, रंग कुठला घातलास? दुसऱ्या दिवशी वरण-भाताचं ताट ग्रुपवर आलं. काकूंनी ते पाहिलं आणि स्वयंपाकघरातूनच ओरडल्या, "अवो, माझ्या वरणाला कावीळ कशी झाली?" तेव्हापासून पानावर बसल्यावर मोबाइल काढायचा नाही असा नियम आहे. काकाजी तो पाळतात. जेवण होईपर्यंत.

पण या प्रकरणातलं सर्वांत महागडं पर्व माझ्या चुलतबहिणीच्या लग्नाचं. स्थळासाठी फोटो हवा होता. सगळ्यांनी काकाजींना बजावलं, पोरीच्या चेहऱ्याला बोट लावायचं नाही. त्यांनी शब्द दिला आणि पाळला. स्नॅपसीडमध्ये एका जागी बोट ठेवून तेवढाच भाग उजळायची सोय आहे. तिचा उपयोग करून त्यांनी मुलगी होती तशी ठेवली आणि मागच्या भिंतीत जान टाकली. भिंत म्हणजे बैठकीची, पोपडे आलेली, एके काळी फिकट मोतिया असावी अशी. फोटोत ती झाली मोरपंखी. मंडळी राजनांदगावची. मुलाच्या आईला मुलगी पसंत पडलीच, पण फोनवर त्यांनी दोनदा विचारलं, बैठकीला कोणता रंग दिला आहे हो, आम्हालाही द्यायचा आहे. आता काय सांगणार? मंडळी रविवारी यायची होती. शुक्रवारी सकाळी काकाजी आणि मी सुपेल्यातल्या पेंटवाल्याकडे मोबाइल घेऊन उभे. तो शेडकार्ड काढतो, काकाजी मोबाइलची चकाकी कमी-जास्त करतात, आणि रंग प्रत्येक वेळी निराळा दिसतो. शेवटी पेंटवाला वैतागून म्हणाला, "काकाजी, आप पहले ये तय कर लो के दीवार कौन सी वाली है." शनिवारी रात्री दुसरा हात झाला. रविवारी मंडळी ओल्या रंगाच्या वासात पोहे खात बसली आणि मुलाची आई भिंतीकडे पाहून म्हणाली, "फोटोत जरा उठून दिसत होता, नाही?" लग्न जमलं. बैठक अजून मोरपंखी आहे.

पुण्याचा भाचा आयटीतला, त्याच्या हातात लाखभराचा फोन. तो दर दिवाळीला काकाजींशी वाद घालतो. "मामाजी, नॅचरल ठेवा ना." यावरचं काकाजींचं उत्तर ऐकून मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस नुसता हौशी नाही, त्याने विचार केलेला आहे. ते म्हणाले, तू बटण दाबतोस तेव्हा तुझा फोन एक फोटो काढत नाही, पाठोपाठ कितीतरी काढतो. अंधारातला इथून, उजेडातला तिथून उचलतो, जोडतो, आभाळ निळं करतो, कातडी मऊ करतो आणि मग तुला दाखवतो. 2023 मध्ये एका कंपनीच्या फोनवर ओरड झाली होती ती वाचली का? धूसर चंद्राचा फोटो काढला तर फोन आपल्या पदरचे डाग त्यात भरून देत होता. "फॅक्टरीत हात फिरवला तर नॅचरल, आणि मी कोहक्यात फिरवला की बनावट? असं कसं जी?" भाच्याने करंजी खाल्ली. उत्तर त्याच्याजवळ नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याजवळही नाही. फरक एवढाच की फोन विचारत नाही. काकाजी निदान सांगून करतात.

पण एक काम काकाजींकडे येतं तेव्हा कोणीही हसत नाही. गल्लीत कोणी गेलं की घरातलं एखादं पोर संध्याकाळी जिना चढून वर येतं. हातात जुनं आधार कार्ड नाही तर पासबुक, क्वचित कारखान्याचा जुना गेट पास. पोरगा म्हणतो, "काकाजी, बाबू के येही फोटू हे." बाबूजींचा एवढाच फोटो आहे. नखाएवढा, पिवळा पडलेला, गालावर गोल शिक्क्याची अर्धी कड. उद्या हार घालायला मोठा करून हवा.

त्या रात्री भट्टीतला दिवा उशिरापर्यंत असतो. मी एकदा सोबत बसलो होतो. शिक्क्याची शाई ते ठिपक्या-ठिपक्याने काढत होते. शेजारची कातडी उचलायची, शाईवर ठेवायची, लांबून पाहायचं, पुन्हा. मग सावल्यांची पट्टी हलकेच वर घेतली आणि कपाळाखालच्या काळोखातून दोन डोळे वर आले. मी वाट पाहत होतो की आता रंग चढणार. चढला नाही. सकाळी त्यांनी त्या पोराला एवढंच विचारलं, शर्ट कोणता घालायचे रे, निळा की खाकी? पोरगा म्हणाला, निळा. निळ्यात बुडालेला एक हलका हात शर्टावर फिरला, चेहरा जसा होता तसा. पोराने मोबाइल हातात घेतला, म्हणाला, "बने दिखत हे, काकाजी," आणि पैशांचं विचारलं. काकाजी त्याच्यावर जे चिडले ते तसे कोणावर चिडलेले मी पाहिले नाहीत.

गेल्या वर्षी काकाजींच्या सगळ्या सुनांनी, भाच्यांनी, पुतण्यांनी एक आशा धरली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, दोन्ही डोळ्यांत, आणि बराच जुना. मोतीबिंदूने डोळ्यातलं भिंग हळूहळू पिवळट होत जातं, निळा उजेड आत कमी जातो, सगळं मळकं दिसतं, हे भाच्याने वाचून ग्रुपवर टाकलं. फ्रान्सच्या मोने चित्रकाराचंही तेच झालं होतं. 1923 मध्ये एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर तो आपलीच चित्रं पाहून कासावीस झाला म्हणतात. सगळ्यांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. म्हणजे इतकी वर्षं फोटोत जान नव्हती असं नाहीच. आता ऑपरेशन होऊ दे, आपोआप थांबेल सगळं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली. काकाजी दिवसभर एक डोळा झाकून आणि मग दुसरा झाकून घरभर हिंडले. उशीचा अभ्रा या डोळ्याने पांढरा, त्या डोळ्याने चहात बुडवल्यासारखा. बैठकीत आले, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "अरे बाप रे, हा रंग कोणी निवडला?" मग मोबाइल उघडला. मैत्री बागेतला फोटो निघाला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "हा वाघ पिवळा होऊन राहिला ना!" आम्ही श्वास रोखून होतो.

"सगळे पुन्हा करावे लागतील," ते म्हणाले आणि जिना चढले.

तेव्हापासून ग्रुपवर दुरुस्त आवृत्ती निघते आहे. रोज रात्री, वीस-वीस. आता सगळं निळसर आहे: वाघ निळसर, वरण निळसर, राजनांदगावची मंडळी पोहे खाताहेत तीही निळसर, कारण नव्या भिंगाला जो पांढरा दिसतो तो त्यांना थोडा आणखी पांढरा करावासा वाटतो. प्रत्येक फोटोखाली सूचना असते, जुना काढून टाका, हा ठेवा. आणि असाच पाठवला तर व्हॉट्सॲप त्याचं पाणी करतं म्हणून प्रत्येक फोटो डॉक्युमेंट करून, पूर्ण आकाराचा. भाच्याचा लाखाचा फोन 'जागा शिल्लक नाही' म्हणतो. डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे आणि दोन्ही डोळे सारखे झाले की पुन्हा एकदा पहिल्यापासून पाहावं लागेल, हे काकाजींनी आधीच कळवून ठेवलं आहे. परवा तपासणीला गेले तेव्हा काकूंनी डॉक्टरांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "दुसरा डोळा जरा लांबवता येईल का हो?"